तीन नंबरचा बॉयलर आणि माझी खुर्ची

मी, या वीजकंपनीची अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, अक्षरओळख नाही, हे मृत्युपत्र वकिलांना सांगून लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी आत्ताच तपासले. कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारा बाहेर दार बडवतो आहे. तो माझा एकुलता एक मुलगा, कंपनीचा मॅनेजर. कडी पक्की आहे.

एक. राहते घर सुनेला. नवऱ्याला आत घ्यायचे की नाही, ते तिने ठरवावे.

दोन. माझे कोळशाचे फावडे नातीला. त्याची हकीकत लिहा. बाविसाव्या वर्षी मी आणि नवरा भट्टीवर होतो. वाफ फार झाली की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. तो उघडू नये म्हणून साहेबांनी तारेने बांधला. बॉयलर फुटला. नवरा मी चपलेवरून ओळखला. साहेब म्हणाले, "बाई, नशीब." याच फावड्याने मी त्यांचा जबडा मोडला. सव्वा वर्ष तुरुंगात काढले. सुटल्यावर म्हाताऱ्या मालकांनी बोलावले. "तुझ्या पाळीत व्हॉल्व्हला हात लावायची कोणाची छाती होणार नाही. मुकादम होतेस?" झाले. मग पाळीप्रमुख झाले. तेव्हा एकाने अंगावर उकळते पाणी ओतले. मी त्याच्या कानाचा लचका तोडला. शेवटी मालकांनी निम्म्याहून जास्त शेअर माझ्या नावे केले. लोक म्हणतात, बाई वर चढत गेली. कसली चढतेय! वरचे एकेक पडत गेले. काहींना मी हातभार लावला.

तीन. ते सगळे शेअर आणि माझी खुर्चीही नातीलाच. ती बॉयलर इंजिनिअर आहे. खिशात सदा पाना, म्हणून सगळे तिला पानाच म्हणतात. आज सकाळी तिला तीन नंबरच्या बॉयलरच्या व्हॉल्व्हवर तार दिसली. बापानेच बांधायला लावलेली. ती कापायला गेली तर बापाने तिच्या थोबाडीत मारली आणि गेटबाहेर काढले.

"आजी, दात पडला."

"आणि तार?"

"तशीच आहे."

मुलाला बोलावले. म्हणाला, "आई, मागणी वाढलीय. चार दिवसांचा प्रश्न आहे. तुला यातलं आता कळत नाही." मी काठी त्याच्या गुडघ्यावर घातली. त्याने माझे मनगट पिरगाळले. हाड मोडले. उजवा हात फळीत आहे, म्हणून आज अंगठा डावा.

चार. मुलाला फायरमनची, म्हणजे भट्टीत कोळसा ओढायची नोकरी, तीन नंबरसमोर, इतरांएवढ्याच पगारावर. स्टूल बरोबर व्हॉल्व्हखाली ठेवावे. नको असेल तर काहीच नाही.

पाच. मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालते, असे वकिलांनी दोनदा समजावले. समजले. पण हे कलम थांबणार नाही. साक्षीला आलेल्या तीन नंबरच्या फायरमनला मी आत्ता हुकूम देते: भट्टीतली आग ओढून काढ, बॉयलर थंड कर.

"आजी, मॅनेजरसाहेब मारतील."

"अरे येड्या, त्याला इथे दारावर आणायलाच तर वकील बोलावलेत. तिथे आता कोण अडवतंय तुला? मागच्या दाराने पळ. पाना, तूही जा."

ती दोघे सुखरूप परत येईपर्यंत मी अंगठा उठवणार नाही. तोवर कोणी मरायचे नाही. मीसुद्धा.

ठिकाण: राहत्या घरातील मागची खोली
दिनांक: नऊ एप्रिल, गुरुवार, दुपारी पावणेतीन

लिहून देणार: डाव्या अंगठ्याचा ठसा

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. फायरमन, बॉयलर क्रमांक तीन (सही). आग ओढून आलो. पाना सोबत आहे. काजळीने कागद मळला, माफी असावी.