दादूचं स्वच्छ ताट

तीर्थरूप आईस,

भागोजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी मुंबईत बरा आहे, आपल्या दादूचं खाली लिहितो. आपल्या गावी, तळ्याला, भाताची झोडणी झाली का? तुझा गुडघा कसा आहे?

दादूला मी आमच्याच चीजच्या कारखान्यात लावला. शेठ सध्या चीजमध्ये मेथी आणि शेवग्याचा पाला घालून बघतात. ते लोकांना आवडेल का, किती दिवस टिकेल, हे आधी आम्हा कामगारांना खायला घालून ठरवतात. शेठची पाठ वळली की आम्ही सगळे मोरीत थुंकतो. दादू मात्र ताट पुसून खातो. म्हणतो, "आयेनं सांगितलंय, ताटात टाकायचं न्हाय." शेठ खूश. दर आठवड्याला त्याच्याच पुढे आणखी जुना तुकडा येतो. हिरव्या पाल्यात बुरशी दिसतही नाही.

परवा तो कामावरच कोसळला. इस्पितळात आहे, काळजी करू नकोस. शेठ भेटायला आले, तेही तुकडा घेऊनच. दादूने तो पडल्या पडल्या संपवला.

माझं तो ऐकत नाही. चांगली शिकवलीस हो पोरं! आता मास्तरांकडून दोन ओळी लिहून घे, की ताटात टाकलं तरी आई मारणार नाही. लवकर पाठव.

तुझा, थुंकायला शिकलेला,
भागोजी