वरचा सा

नार्वे, रविवार संध्याकाळ

बाळ झोपलंय तोवर लिहून काढते. आज वर्षभरानं देवळाच्या मंडपात संगीत नाटकाच्या तालमीला गेले. ऑर्गन, व्हायोलिन, तबला, सगळे साथीदार हजर. पहिलंच पद राणीचं, म्हणजे माझं. अंतऱ्यात वरचा सा लागलाच नाही. आवाज फाटला आणि मी गप्प झाले. बाळंतपणानंतर गळा गेला की काय?

ऑर्गनवर रघुबाब होते. हात न थांबवता म्हणाले, "थांबू नको गो बाय, आम्ही आहोत." व्हायोलिननं माझी राहिलेली ओळ पुरी केली आणि मी ध्रुवपदावर परत आले. मग रघुबाबांनी पट्टी थोडी उतरवली. आता वरचा सा अलगद लागला. किती बरं वाटलं!

निघताना त्यांच्या पाया पडले. म्हणाले, "गेल्या जत्रेला दुसरी राणी आणूया म्हणत होते. मी म्हटलं, तिचं मूल जरा मोठं होऊ दे, नाटक पुढल्या वर्षी करू."

म्हणजे गेल्या जत्रेला नाटक झालं नाही, ते माझ्यासाठी? आणि मी वाळपईला माहेरी बसून समजत होते, मला सगळे विसरले.