क्रापबाईंवर नजर

२ मार्च १९४३

क्रापबाईंवर माझा भरवसा नाही. लिहून ठेवते.

तीन दिवस झाले. शनिवारी आमच्या कारखान्याच्या फाटकाशी ट्रक लागले आणि कोटावर पिवळी चांदणी असलेल्या सगळ्यांना आत कोंबलं — आईलाही! मी आणि थेआ मागच्या भिंतीवरून पळालो. चांदण्या उसवून गटारात टाकल्या. थेआ म्हणाली, "ताई, लाँड्रीवाल्या क्रापबाईंकडे जाऊ." पूर्वी आमच्या चादरी त्यांच्याकडे जायच्या. बाईंनी एक अक्षर न विचारता आत घेतलं. तेच खटकतं. आज बर्लिनमध्ये ज्यू बायकांना कोण असं घरात घेतं?

५ मार्च

दुकानामागच्या कोळशाच्या खोलीत आहोत. फटीतून दुकानाची भिंत दिसते. तिच्यावर हिटलरची तसबीर, खाली फौजेतल्या मुलाचा फोटो. बाई रोज तसबीर पुसतात!

९ मार्च

वरच्या मजल्यावरचा नीकेल आला होता. पक्षाचा माणूस, गल्लीवर नजर ठेवणारा. खूप वेळ हसणं-खिदळणं. मग बाई हळूच काहीतरी बोलल्या. तो म्हणाला, "बघतो, बघतो." काय बघतो?

थेआला सांगितलं. "ताई, तुला आता स्वतःच्या सावलीचाही संशय येतो." तिचा खोकला वाढलाय.

१३ मार्च

आज बटाटे. बाईंनी स्वतः घेतले नाहीत. "मला भूक नाही, पोरींनो." विष? थेआने गपागप खाल्ले. तासभर तिच्याकडे बघत बसले. मग मीही खाल्ले. लाज वाटली. थोडी.

२१ मार्च

हिटलरचं भाषण. बाईंनी रेडिओ इतका मोठा केला की भिंत थरथरली — आमच्याच भिंतीला टेकवलेला! पुन्हा तीच गरळ, जगातल्या सगळ्या दुःखाचं खापर आमच्या माथी. आम्ही याचं काय घोडं मारलंय? आई आयुष्यभर हातमोजे शिवत होती.

थेआ मात्र मनसोक्त खोकून घेत होती. म्हणाली, "अगं, माझा आवाज वर जाऊ नये म्हणून लावलाय त्यांनी."

"भोळी आहेस. बाई मन लावून ऐकताहेत."

२४ मार्च

उर्सेल भेटली! थेआसाठी औषध शोधायला बाहेर पडले होते. शाळेत सात वर्षं एका बाकावर होतो आम्ही. भररस्त्यात मिठी मारून रडली. "दोघी माझ्याकडे या. माझ्या घरी ऊन येतं गं."

अखेर एक आपलं माणूस!

थेआ हटून बसली. "बाईंना सोडून मी येणार नाही." कुजबुजतच भांडलो. "मग मर इथेच," मी म्हणाले.

२६ मार्च

उर्सेलकडे आले. निघताना बाई दारापर्यंत आल्या. स्वतःचा लोकरी स्कार्फ माझ्या डोक्याभोवती गुंडाळला. "कान झाक. वारा आहे." लाल स्कार्फ — लांबूनही ओळखू येईल असा! कोपऱ्यावर पोचताच काढून फेकला.

उर्सेल म्हणते, "थेआला मी समजावून आणते. माझं ऐकेल ती." किती आधार वाटला! मी कागदावर सगळं काढून दिलं. अंगण, कोळशाचं दार, किती वेळा वाजवायचं.

२८ मार्च

थेआ आली नाही. "दुकान बंद होतं," उर्सेल म्हणाली. राहवेना. सकाळी स्वतः गेले.

दाराला सील. समोरच्या खिडकीतली म्हातारी हळूच म्हणाली, "काल दुपारी गाडी आली. दुकानात कुणी गेलंच नाही. सरळ अंगणातून कोळशाच्या दाराशी गेले. दोघींना नेलं. क्राप ओरडत होती — पोरगी आजारी आहे, ढकलू नका!"

२८ मार्च, दुपार

त्या दाराचा कागद मी एकीलाच दिला होता.

ती आत्ताच खोलीत येऊन गेली. माझे डोळे पुसून म्हणाली, "रडू नकोस गं. आणखी कोण कोण कुठे लपलंय, तेवढं सांग. त्यांना तरी वाचवू."