सातच्या मालिकेशी बोलणं

३ मार्च, सोमवार

सातच्या मालिकेतली थोरली सून बदलली! शुक्रवारी एक बाई होती, आज दुसरीच. तेच कानातले, तीच खुर्ची. सासू म्हणाली, "आलीस का गं?" — आणि सगळे जेवायला बसले. घरात एकालाही चेहरा वेगळा दिसला नाही.

हे असते तर काहीतरी खवचट बोलले असते. जाहिरात लागेपर्यंत वाट बघितली. मग टीव्ही बंद केला. हे जाऊन सात महिने झाले, अजून वाट बघते.

५ मार्च

वाचनालयातून मालिका, जाहिराती, बाजारहाट यांवरचं पुस्तक आणलंय. "मावशी, जड आहे हो," तिथली मुलगी म्हणाली. खरंच जड. चार पानं तीनदा वाचली. लिहिणारा मोठा पंडित आहे, पण मुद्दा माझ्या ओळखीचा — लोक समोर आलेलं मुकाट गिळत नाहीत. विकत घेतलेली वस्तू, बघितलेली गोष्ट, जो तो आपल्या मापाची करून घेतो.

मग आम्ही कपड्यांच्या दुकानात दिवसभर दुसरं काय करतो? कारखान्यातून पँट येते ती कुणाच्याच पायाची नसते. मी खालून चार बोटं कापून दुमडते, शिवते, तेव्हा ती एका माणसाची होते. मशीनवर बसल्या बसल्या हसू आलं. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "काकू, एकट्याच हसताय? आम्हालाही सांगा की!" सांगितलं. तिला काही कळलं नाही. "मालिका बघायला पुस्तक? परीक्षा आहे का तुमची?"

एक मात्र पंडिताला विचारायचंय. आमच्या घरी मालिका दोघं मिळून मापाची करायचो. आता काय?

६ मार्च

मुलाचा फोन. "आई, रविवारी येतो. या वेळी हो की नाही ते पक्कं सांग. इकडे तुला वेगळी खोली आहे, स्वतःचा टीव्हीसुद्धा!"

स्वतःचा टीव्ही! हसावं की रडावं. पण हो म्हणणार आहे. इथे तरी कोण आहे?

७ मार्च

पान तीस. झेपत नाही. सोडवतही नाही.

८ मार्च, शनिवार

शेजारच्या सिस्टर जिन्यात भेटल्या. दवाखान्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी सगळे सिस्टरच म्हणतात. मी मुलाकडे राहायला जाणार म्हटल्यावर त्यांनी पिशवी पायरीवर टेकवली.

"म्हणजे आता काहीच ऐकू येणार नाही?"

मला कळेना. मग सिस्टरनी सांगितलं — त्यांचा टीव्ही चार वर्षांपूर्वी बिघडला. दुरुस्तच केला नाही. सात वाजले की आमच्या भिंतीशी बसायच्या. "मालिकेसाठी नाही हो, वहिनी! भाऊंच्या बोलण्यासाठी. तो नायक तिसऱ्यांदा मरून परत आला, तेव्हा काय म्हणाले होते — याला स्मशानाचा मासिक पास काढून द्या!"

आणि मी इतकी वर्षं ह्यांना दटावत होते — हळू बोला, शेजारी ऐकतील!

"पण खरी मजा तुमच्या उत्तरात," सिस्टर म्हणाल्या. "मी? मी तर त्यांना गप्प करायचे," मी म्हटलं. "छे! तुम्ही म्हणालात, तो मरून परत येतो, तुम्ही कोपऱ्यावरून दूध घेऊन वेळेत परत येऊन दाखवा! मी एकटीच इतकी हसले की ठसका लागला."

मला आठवत नाही. एक शब्दही नाही. ह्यांचं सगळं जपून ठेवलं, माझं मात्र सिस्टरकडे राहिलं.

सात महिने त्या रोज भिंतीशी बसताहेत. नुसती मालिका ऐकू येते म्हणाल्या. "ती काय, बेचव असते."

पंडिताच्या पुस्तकात भिंतीपलीकडचा प्रेक्षक नाही. समासात लिहिणार होते. पण पुस्तक वाचनालयाचं!

९ मार्च, रविवार

मुलगा आला. त्याला 'येणार नाही' म्हणून सांगितलं. गाल फुगवून सोफ्यावर बसला, अगदी लहानपणासारखा. सात वाजता मालिकेचा खास भाग. सासू उघड्या दारात उभी राहून रडतेय, रडतेय. मी चांगलं मोठ्याने म्हटलं, "अगं, रड, पण दार तरी लाव!"

मुलाने मोबाइलवरून मान वर केली. "आई, कुणाशी बोलतेस?"

"शेजारच्या सिस्टरशी."