‘हार्बर’नंतरचा सोमवार

वॉटफर्ड,
१५ ऑक्टोबर २००९

प्रिय शशी,

‘हार्बर’ बंद झालं. परवा दुपारी ऑर्विलने आम्हा चौघांना टेबलाभोवती बसवून स्वतः सांगितलं, म्हणजे आता ती नुसती कुजबुज राहिली नाही. या आठवड्याचा अंक शेवटचा. तो आधीच छापून गेला होता, त्यामुळे वाचकांचा निरोप घेणंही झालं नाही. इतकी वर्षं दर आठवड्याला वेळेवर अंक सोडला, आणि शेवटचा सोडताना तो शेवटचा आहे हे ठाऊक नव्हतं. ऑर्विल सत्तरीचा आहे, हे साप्ताहिक त्यानेच काढलं. आधी बातमी, मग कारण, मग पुढे काय, अशा नेहमीच्या शिस्तीत तो बोलला. ‘पुढे काय’पाशी आल्यावर थांबला आणि म्हणाला, “चहा कुणाला हवाय?”

कारण तुला समजेल, कारण तुझंही तेच आहे. आमचं पोट नोकरीच्या जाहिरातींवर होतं. इथल्या कौन्सिलांना, म्हणजे नगरपालिकांना, काळ्या लोकांपर्यंत पोचायचं असलं की त्या आमच्याकडे जाहिरात द्यायच्या. शिक्षक पाहिजेत, सोशल वर्कर पाहिजेत, अशी पानंच्या पानं. आता ज्याची त्याची वेबसाइट झाली. वसंतात एका कौन्सिलच्या बाईंना मी फोन केला तर त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, आता काय, सगळीकडे सगळेच आहेत, वेगळ्या माध्यमांची गरज संपली, ही आनंदाचीच गोष्ट नाही का? मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

तूही जूनच्या पत्रात हेच विचारलं होतंस. दीक्षाभूमीवरची गर्दी वाहिन्या थेट दाखवतात, मोठ्या दैनिकांच्या कचेरीत आपली पोरं बसतात, मग आपलं पाक्षिक आता कुणासाठी चालवायचं? तुझा नकुल म्हणतो, बाबा, ब्लॉग काढा आणि निवांत बसा. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं तेव्हा काही नव्हतं, आणि तुला उपदेश करण्याचा माझा वकूब नाही. आज उत्तर म्हणून फक्त एक हकीकत लिहिते.

लेनॉक्स मॅकेंझी. चौतीस वर्षांचा, मिडलंड्समधल्या एका गावात बस चालवायचा आणि नव्या ड्रायव्हरांना शिकवायचा. मधूनमधून त्याचं मन बिघडायचं. झोप उडायची, कुणीतरी मागावर आहे असं वाटायचं. असं व्हायला लागलं की तो आपल्या पायांनी इस्पितळात जायचा. मागच्या वर्षी मार्चमध्येही तसाच गेला, आईला सांगून, बॅग भरून. चौथ्या दिवशी वॉर्डात काहीतरी वाद झाला. तिथल्या कामाच्या माणसांनी त्याला जमिनीवर पालथं दाबून धरलं, बराच वेळ, आणि सोडलं तेव्हा तो गेलेला होता. यापलीकडे नक्की असं आजही कुणाला माहीत नाही. त्याची आई पर्ल आमची पहिल्या अंकापासूनची वर्गणीदार. तिने पोलिसांच्या आधी आमच्याकडे फोन केला होता.

आता आमची कामाची रीत सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं. कॅरिबियन घरांत माणूस गेलं की नऊ रात्री घर उघडं ठेवतात. लोक येतात, मासे तळतात, डॉमिनो खेळतात, गाणी म्हणतात, मेलेल्याची थट्टासुद्धा करतात, आणि नवव्या रात्री त्याला निरोप देतात. ती रात्र होईपर्यंत ‘हार्बर’चा माणूस फोटो मागायला जात नाही. जायचं ते तळलेला मासा खायला आणि गप्प बसायला. नंतर घरातली थोरली बाई स्वतः फोटो निवडून हातात देते, आणि तोच छापायचा. ऑर्विलचा हा नियम त्याच्या आईच्या मरणापासूनचा आहे. मला तो पहिल्या दिवशीच पटला. आपल्याकडे जलदानविधीच्या आधी कुणी दारात येऊन फोटो मागितला असता तर तुझ्या वडिलांनी त्याला काय ऐकवलं असतं, ते मला माहीत आहे.

तर आम्ही थांबलो. पर्लच्या घरी मी नवव्या रात्रीच्या आदल्या संध्याकाळी गेले. माणसांनी घर भरलं होतं. लेनॉक्सचे बसवाले दोस्त एकमेकांना सांगत होते की हा कसा प्रवाशांना उगाच “पुढच्या थांब्यावर सूर्य मिळेल” म्हणायचा. पर्लने मला बघून हाक मारली, “मधू, डार्लिंग, उभी काय राहतेस, खायला बस. तो काही पळून जात नाही आता.” सगळे हसले. तीही हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

आम्ही असे थांबलेलो असताना बाकीचे थांबले नव्हते. एका मोठ्या दैनिकाने लेनॉक्स गेल्याच्या पाचव्याच दिवशी त्याचा फोटो छापला. तो एकोणीस वर्षांचा असताना पोलिसांनी दुसराच कुणी समजून त्याला रस्त्यातून उचललं होतं. सकाळी सोडून दिलं, आरोपही ठेवला नाही. त्या रात्री पोलीस ठाण्यात काढलेला फोटो. सुजलेला डोळा, मागे पांढरी भिंत. तो वृत्तसंस्थेकडे कसा पोचला हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. वर मथळा, हिंसक रुग्णाचा मृत्यू. दुसऱ्या दिवशी तोच फोटो आणखी चार ठिकाणी.

त्या दैनिकाच्या फोटो विभागात दिया आहे. आमच्या गल्लीतल्या मीनलची मुलगी, इथेच जन्मलेली, अवधूतच्या घरचा गणपती असतो ना माझ्याकडे, त्याच्या आरतीला यायची. दोनच वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आली होती आणि म्हणाली होती, “काकू, आता मी आहे ना आत. मग तुमची वेगळी पेपर कशाला पाहिजे?” मला तेव्हा तिचा अभिमानच वाटला होता. मी तिला फोन केला. ती म्हणाली, “काकू, मी बोलली त्यांना. दोनदा बोलली. ते म्हणाले, फॅमिलीचा फोटो आहे का तुझ्याकडे? नाही. मग हाच.” आणि मग, “काकू, तुमच्याकडे होता का?”

नव्हता. आमच्याकडे नव्हता, कारण नववी रात्र झाली नव्हती. तिला हे कसं समजवायचं ते मला कळेना. आमच्या रीतीमुळेच त्याचा तो चेहरा सगळीकडे गेला, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. मी ऑर्विलला तसं म्हटलंही. तो म्हणाला, “पाचव्या दिवशी तू तिच्या दारात गेली असतीस?” मी म्हटलं, नाही. “झालं तर मग,” तो म्हणाला आणि पुढच्या पानाकडे वळला. पण त्या दिवसापासून तोही पूर्वीसारखा जेवत नाही.

पर्लने दिलेला फोटो बहिणीच्या लग्नातला आहे. लेनॉक्स सुटात, एका हातात भाचीचे दोन छोटे बूट, आणि भाची त्याच्या खांद्यावर झोपलेली. आम्ही तो मुखपृष्ठावर पूर्ण पान छापला. आमच्या वाचकांनी तो कापून फ्रीजवर लावला. पण इंटरनेटवर त्याचं नाव टाकलं की आजही तोच सुजलेला डोळा येतो. पर्लची नात आता वाचायला शिकली आहे. ती कॉम्प्युटरपाशी गेली की पर्ल उठून तिच्या मागे जाऊन उभी राहते.

त्याच्या मृत्यूची चौकशी कॉरोनरपुढे, म्हणजे अशा मृत्यूंचं कारण ठरवणाऱ्या न्यायाधिकाऱ्यापुढे, व्हायची आहे. ती तीनदा पुढे गेली. कधी कागद मिळाले नाहीत म्हणून, कधी इस्पितळाचा वकील बदलला म्हणून. आता २६ तारखेचा सोमवार ठरला आहे. आधीच्या तिन्ही वेळा मी गेले. शेवटच्या दोन्ही वेळा पत्रकारांच्या बाकावर मी एकटीच होते. पहिल्या खेपेला गावच्या पेपरचा एक तरुण होता, पण त्या पेपरने नंतर कोर्टात माणूस पाठवणंच बंद केलं. तारीख पडली की पर्ल मागे वळून मी लिहिते आहे ना हे बघायची, आणि मग पर्स उचलायची. तिच्या वकिलाने मला एकदा बाहेर गाठून सांगितलं की बाकावर कुणी बसलेलं असलं की समोरचे लोक प्रश्नांची उत्तरं जरा नीट देतात. तो माणूस अतिशयोक्ती करणारा वाटला नाही.

मंगळवारी ऑर्विलने सांगितल्यावर मी काल मोठ्या दैनिकांना फोन लावत बसले. सगळे सभ्य. एक म्हणाला, निकाल वेगळा लागला तर दोन परिच्छेद पाठवा. दुसऱ्याने विचारलं की ही ती जुनीच केस ना, हिंसक रुग्णाची? दियाने स्वतःहून तिच्या संपादकांना विचारलं. उत्तर आलं, माणूस मोकळा नाही. मग संध्याकाळी पर्लचा फोन. तिला कळलं होतं. रडारड नाही, काही नाही. “मधू, मग सोमवारी लिहिणार कोण?” एवढंच विचारलं. मी येईन, म्हटलं. “येशील ग, पण छापणार कोण? कुणी छापणार नसेल तर तू नुसती माझ्यासारखीच एक म्हातारी मागे बसलेली.” तिचं बरोबर होतं.

तुला सांगते शशी, या देशात आले तेव्हा आपल्या भारतीय लोकांनाही ‘ब्लॅक’मध्येच मोजायचे. ऑर्विलने मुलाखतीत माझं इंग्रजी तपासलं, शॉर्टहँड तपासला, आणि तू इथे का, एवढंच विचारलं. मी नागपूरचं सांगितलं. आपल्या वस्तीत तुझे वडील रविवारी ओट्यावर बसून आपला पेपर मोठ्याने वाचायचे, आणि ज्यांचं नाव त्यात यायचं ती माणसं पुढचा आठवडाभर ताठ चालायची, ते सांगितलं. तो म्हणाला, सोमवारपासून ये. इकडच्या महाराष्ट्र मंडळात लीलावतीबाईंनी हळदीकुंकवाला मला विचारलं होतं, “अहो, काळ्यांच्या पेपरात? तुम्हाला बरं ठिकाण नाही का मिळालं?” आणि मग आवाज खाली आणून, “माहेरचं आडनाव काय म्हणालात?” ते सांगितल्यावर पुढचं विचारायची त्यांना गरज उरली नाही. बायकोला असं विचारलं म्हणून अवधूत आठवडाभर चिडला होता. मी नाही चिडले. दोन्ही प्रश्न एकच आहेत हे मला तिथेच कळलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. वसतिगृहातली ती मुलगी गेली तेव्हा सगळ्या दैनिकांनी प्रेमप्रकरण म्हणून दोन ओळी छापल्या, आणि तू तिच्या आईकडे जाऊन, जमिनीवर बसून, ती सांगेल तसं लिहून घेतलंस. तुझा तो अंक मी इथे पर्लला दाखवला होता. तिला अक्षर लागत नव्हतं, पण ती पानावर बोट फिरवत राहिली. काल तिच्या प्रश्नावर माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. म्हटलं, माझा एक मित्र आहे, त्याचा पेपर आहे, पण तो मराठीत, तिकडे दूर, तुझ्या गावात कुणी वाचणार नाही. ती म्हणाली, “त्या लोकांना हे काय असतं ते माहीत आहे का?” मी म्हटलं, आहे. “मग तिथे छाप. जजला सांगता तर येईल की कुणीतरी छापतंय.” म्हणून मागते आहे, शशी. मला तुझ्याकडे जागा हवी. दर अंकात एक पान, चौकशी चालेल तितके दिवस. कोर्टात मी तुझ्या पाक्षिकाची बातमीदार म्हणून नाव देईन. हे पत्र फॅक्सने पाठवते आहे, तसंच तुझं एक पत्र तेवढं फॅक्सने पाठव, पुढच्या शुक्रवारच्या आत. तू बंद करायचं ठरवलं असलंस तर त्यावर मी बोलणार नाही. फक्त निकाल लागेपर्यंत थांब. निकाल काय असेल याची आम्हाला कल्पना आहे. ऑर्विलच्या मते ‘नैसर्गिक कारण’, वकिलाच्या मते फार तर ‘अपघात’. तेही कुठेतरी छापलेलं असायला हवं. सोमवारी, २६ तारखेला सकाळी दहाला ज्युरी शपथ घेईल. दोन आठवडे लागतील असं कॉरोनरने कळवलं आहे. वॉर्डातली माणसं बुधवारपासून येतील. पहिली साक्ष पर्लची आहे.

तुझ्या होकारावर विसंबून,
तुझीच
मधुमती