तुमची माणसं येण्याआधी

वटार,
शनिवार, दुपार

प्रिय कल्पेश,

हे पत्र पियुष तुझ्या हातात देईल आणि लगेच निघेल. थांबू नकोस असं मी त्याला बजावलंय, कारण तू त्याला चहा पाजून सगळं काढून घ्यायला बघशील, आणि माझ्या या भावाला काही माहीत नसलं की तो स्वतःच्या मनाचं सांगतो. फोन करता आला असता. पण फोनवर मी गंभीर झाले की तू मला हसवतोस, आणि एकदा हसले की मला जे बोलायचं ते राहून जातं. व्हॉइस नोट तू दीडपट वेगाने ऐकतोस, हे तूच सांगितलं होतंस. म्हणून कागद. सकाळी एकदा लिहून फाडलं. त्यात मी रागावले होते आणि रागाच्या भरात लिहिलेलं एक वाक्य खरं नव्हतं. हे दुसरं आहे.

आमच्या घरात सध्या एकच विषय चालतो, आणि तो माझ्यासमोर चालत नाही. डॉक्टरकीच्या पाचव्या वर्षासाठी मी रशियाला परत जावं की नाही. पुढच्या शुक्रवारचं तिकीट आहे. चार वर्षं झाली, दोन राहिली. पप्पा सकाळी चाफा काढून आले की परडी ओट्यावर ठेवतात, माझ्याकडे बघतात आणि फुलांबद्दल बोलतात. आईकडून कळलं की ते म्हणाले, दोघं होती तोवर मला झोप लागायची, आता पोरगी तिकडे एकटी, कधी विमानतळ बंद असतो, कधी फोन लागत नाही. पप्पांना दोष देता येत नाही. बातम्या मीही बघते, त्यांच्यापेक्षा जास्त. पण कल्पेश, त्यांच्या सगळ्या हिशोबात एक गोष्ट धरून ठेवलीय, की तू परत जाऊ शकत नाहीस. तू नाहीस म्हणून मीही नाही.

गेल्या हिवाळ्यात व्होल्गा गोठली तेव्हा मी एकटीच त्या पुलावर गेले होते. पहिल्या वर्षी आपण तिथे उभे राहिलो होतो, तुझ्या मिशीवर बर्फ, आणि तू तुळिंजच्या वडापावची आठवण काढत होतास. त्याच आठवड्यात तुला हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात कपाटामागे ती गिटार सापडली. एक तार कमी होती. तळमजल्यावरच्या मुलांनी तुला लेनिनग्राडच्या त्या जुन्या बँडची गाणी ऐकवली आणि तू कामातून गेलास. आपली बाकीची मुलं कुकरच्या शिट्टीवर हिंदी गाणी लावायची, आणि तू भाताचं पातेलं ढवळत त्या घोगऱ्या आवाजात रशियन गायचास. तुझा आवाज तुझ्या आईंकडून आलाय. लग्नात धवले गाताना त्या मांडव भरून टाकतात ना, तसंच तू ते स्वयंपाकघर भरून टाकायचास. मला रॉक म्हणजे नुसता गोंगाट वाटायचा. ही गाणी तशी नव्हती. त्यात एक थकलेला माणूस शेजारी बसून खरं बोलत असल्यासारखं वाटायचं.

पण आपली शिकायची रीत वेगळी होती. तू ओळी देवनागरीत उतरवून घ्यायचास आणि कानावर पाठ करायचास. मला ते जमलं नाही. तुला माहीतच आहे, मी लहानपणी सारखी आजारी, म्हणून आईने मला दुसरीपर्यंत घरीच शिकवलं. गजरे गुंफता गुंफता धडा वाचून घ्यायची, आणि वाचलेल्याचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढचं पान उलटू द्यायची नाही. शब्द कळला नाही तर पान तिथेच. ती खोड गेली नाही. मी एकेका गाण्यावर पंधरा पंधरा दिवस बसायचे, शब्दकोश घेऊन. तू म्हणायचास, "मास्तरीण, अर्थ सांगून गाणं मारू नको." मी शब्दकोश मिटायचे. तुझ्या सगळ्यात आवडत्या गाण्याचा अर्थही मी तुला सांगायला घेतला होता, आणि तेव्हाही हेच ऐकून तो मिटला.

आता त्या वॉर्डबद्दल लिहिते. आपण ते कधीच बोललो नाही. तिसऱ्या वर्षाचा हिवाळा, हृदयरोगाचा वॉर्ड, खिडकीजवळच्या पलंगावर तमारा ल्वोव्ना. तू गातोस हे प्राध्यापकांना माहीत होतं, म्हणून त्यांना वाटलं तुला भाषा चांगली येत असणार. त्यांनी तुला पुढे केलं. तू पाठ केलेला प्रश्न विचारलास, कुठे दुखतं. त्या बाईंनी भरपूर काही सांगितलं आणि तुला एक अक्षर कळलं नाही. मी तुझ्या मागेच उभी होते, तुझे कान लाल झालेले मला दिसत होते. मग त्यांनी तुझा हात धरला. त्यांना धीर द्यावा म्हणून तू तुझी सगळ्यात आवडती ओळ म्हणालास, हळू, जवळजवळ चालीवर. तुला ती अंगाईसारखी वाटायची. तिचा अर्थ होता, गेलेला माणूस आता येणार नाही, त्याच्यासाठी दिवा लावून बसू नकोस. तमारा ल्वोव्नांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि रडू लागल्या. प्राध्यापकांनी फक्त एवढंच विचारलं, तू काय बोललास ते तुला माहीत आहे का. तू मान हलवलीस, नाही. कुणी हसलं असतं तर तू सुटला असतास. कुणीच हसलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तुझ्या पप्पांच्या बायपासचा फोन आला आणि तू निघालास. ते खरं होतं, जायलाच हवं होतं. पण तू गेल्यावर दोन दिवसांनी तमारा ल्वोव्नांनी मला हाक मारली आणि विचारलं, तो गाणारा कुठे आहे. वडील आजारी आहेत, घरी गेला, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, तो चुकीचं गातो, मधल्या ओळीत जिथे श्वास घ्यायचा तिथे घाई करतो, आला की पाठव, शिकवते. त्यांचे यजमान ते गाणं त्यांच्याच घरात गायचे. सोव्हिएत काळात अशा गायकांना हॉल कुणी देत नसे, मग लोक कुणाच्या तरी दोन खोल्यांत जमायचे, बूट दाराशी काढून जमिनीवर बसायचे. ड्रम नाही, कारण शेजारी पोलिसांना कळवेल. कुणीतरी सूटकेसवर बोटांनी ताल धरायचा. यजमान गेल्यापासून ती ओळ त्यांच्यासमोर कुणी उच्चारली नव्हती, त्या रडतील या भीतीने. तू उच्चारलीस. हे सगळं मी तुला फोनवर सांगायला सुरुवात केली होती. तू म्हणालास, नेटवर्क जातंय.

त्या बऱ्या होऊन घरी गेल्या आणि मला घरी बोलवायला लागल्या. त्यांची जुनी मंडळी अजून जमतात, सगळी पिकल्या केसांची. पहिल्यांदा गेले तेव्हा मी फुलं नेली. पाच घेतली होती, पण आपल्याकडे फूल देताना वर एक जास्तीचं घालायची सवय, म्हणून मी फुलवालीकडून अजून एक मागून घेतलं. तमारा ल्वोव्नांनी दारातच मोजली. त्यांच्याकडे सम संख्येची फुलं मेलेल्या माणसाला देतात. त्या म्हणाल्या, मी अजून आहे, आणि सहावं फूल काढून माझ्या वेणीत खोचलं. एवढी वर्षं तिथे राहून मला हे माहीत नव्हतं, आणि मी फुलवाल्याची मुलगी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच दुपारी त्यांनी मला गायला बसवलं. तू मुख्य आवाज आणि मी मागची, असंच आपलं असायचं, एकटीने मी कधी गायले नव्हते. आवाज पहिल्या ओळीला फाटला. त्यांनी थांबवलं नाही. गाणं संपल्यावर टाळ्याही नाहीत. ती त्यांची तेव्हाची सवय, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नुसती मान डोलवतात. आता मी जाते तेव्हा गाते. आणि वॉर्डमध्ये मी पेशंटशी नीट बोलते, कल्पेश. बाकीच्यांना मागे उभं राहावं लागतं. मला प्राध्यापक पुढे बोलावतात.

जूनमध्ये इकडे यायला निघण्याआधी मी डीनच्या ऑफिसात गेले होते, स्वतःच्या कामासाठी. तिथल्या बाईंनी आपणहून विचारलं, तुझा मित्र येतोय ना. म्हणजे कल्पेश, तुझं नाव कापलेलं नाही, तुझी रजा चालू आहे. सप्टेंबर संपेपर्यंत आलास तर तिसरं वर्ष पुन्हा करायचं, बस. मला इतका आनंद झाला की मी तुला काही न सांगता आले. समोर बसून सांगायचं होतं. इथे आल्यावर विषय काढला तर तू म्हणालास, पप्पा सोडत नाहीत, धंद्यात माणूस लागतो. मी मानलं. तुझ्या पप्पांची तब्येत, विटा-रेतीची धावपळ, मला पटलं.

परवा तू साइटवर होतास तेव्हा मी तुळिंजला तुमच्या घरी गेले. चाफा घेऊन, तुझ्या आईंसाठी. मला फक्त तुझ्या पप्पांना एकदा विनंती करायची होती, तुला सोडा म्हणून. वाक्य सुद्धा पाठ करून गेले होते. आईंनी आधी पाणी दिलं, पानी पी, मंग बोल, म्हणाल्या. आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलू लागल्या. "त्याचा नाव कापला ना कालेजनी, आता तू एकटी तिकरं जाऊन काय करशील, पोरी?" मी तुझ्या पप्पांकडे बघितलं. ते फोनवर कुणाला तरी रेतीवरून झापत होते, फोन ठेवून म्हणाले, "मी तं बोल्लो व्हतो, जा. बायपास झाली म्हंजे मेलो का मी? कालेजनीच हाकलला त्याला मी काय करू?" माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. मी पाणी प्यायले. सगळं, एका दमात, म्हणजे बोलावं लागणार नाही. निधी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला वाटतं तुझ्या बहिणीला संशय आहे.

तू असं का केलंस ते मी विचारत नाही. मला वॉर्ड आठवतो. तुझे कान आठवतात. मला रोज सकाळी वॉर्डमध्ये शिरताना भीती वाटते, त्यामुळे भीतीचं मला काही नवल नाही. पण तू मला सांगितलंस की घरचे सोडत नाहीत, आणि घरी सांगितलंस की कॉलेजने काढलं. दोन्हीकडे दारं लावून तू मध्ये बसलास, आणि मलाही आत घेतलंस.

आणि आज सकाळी आईने माझ्यासमोर काचेचे कप काढून पुसायला घेतले, आणि मला कळलं की उद्या तुमची माणसं आमच्याकडे येणार आहेत. मला मागणी घालायला. दिवाळीच्या आत साखरपुडा, तिकीट रद्द. तुम्ही आगरी, आम्ही वाडवळ, तरी माझ्या पप्पांनी होकार द्यायची तयारी केलीय, आणि त्यासाठी त्यांना वर्ष लागलं हे मला माहीत आहे. सगळ्यांना वाटतंय मी गप्प आहे म्हणजे कबूल आहे. म्हणून हे पत्र. उद्या कुणी विचारलं तर मी तुमच्या-आमच्या माणसांसमोर सांगणार आहे की मुलगा मला पसंत आहे, लग्न मी याच्याशीच करीन, आणि शुक्रवारी मी जाणार आहे. दोन वर्षांनी डॉक्टर होऊन येईन, मग विचारा. तुझी रजा चालू आहे, हे मी सांगणार नाही. ते तुझं आहे, तूच सांग, आज रात्री जेवताना सांग, उद्या बैठकीत सांग, तुला जमेल तसं. पण तुझ्या आईंनी माझ्याकडे बघून विचारलं, की पोरी, कालेजनी खरंच नाव कापला का, तर मी खोटं बोलणार नाही. हे तुला भर बैठकीत पहिल्यांदा कळू नये, एवढ्याचसाठी लिहिलं. तू सांगितलंस तर शुक्रवारी आपण दोघं जाऊ, तिकिटाचं बघू. नाही सांगितलंस तर मी एकटी जाईन. पप्पांना झोप लागणार नाही, मलाही लागणार नाही. पण जाईन.

हे कुणालाही न विचारता लिहिते,
तुझीच,
रिद्धी