ज्योतीआधीचं निळं वलय

मंगळवार, संध्याकाळ

राज्याच्या नव्या नियमांनुसार टाकाऊ रसायन किती तापल्यावर पेट घेतं, हे आता यंत्रानं मोजलं तरी चालणार. आज प्रयोगशाळेत पहिल्यांदा लावलं. हडपसरच्या एका रंगाच्या शेडमधलं थिनर मिसळलेलं पाणी होतं. यंत्रानं लगेच ठरवलं, ज्वालाग्राही! हीच चाचणी वर्षानुवर्षं हातानं करणाऱ्या जोशीबाईंनी मात्र नेहमीसारखा पंखा थांबवला, ट्यूबलाइट बंद केली आणि जुन्या कपात तेच पाणी तापवत, वर छोटी ज्योत धरून वाकून पाहिलं.

"हे ज्योतीभोवतीचं नुसतं निळं वलय. याला पेटणं म्हणत नाहीत. यंत्राला कोणी सांगितलं नाही वाटतं?"

मग त्या पाण्याचं पिंप घातक कचऱ्यात की साध्या? उद्या सही माझी. वलय म्हणजे आग नाही, मान्य. पण मग ते आहे काय?

घरी आल्यावर पंखा, दिवा बंद करून गॅस पेटवला. बाहेरून हे ओरडले, "लाइट गेले का?"

"नाही हो, बघतेय."

"काय?"

ज्योत बारीक करून पुन्हा वाकून पाहिलं. आणि उद्या सही करायचीय.